मोमियाई आणि लस

लहानपणी भर दुपारी उन्हात हुंदडणाऱ्या आम्हा पोरांना दादी एकच धाक घालायची. "बाहर मत जाव, मोमियाईवाला पकडके ले जाता!" हा मोमियाईवाला कोण, असे विचारले की ती आवाज खाली आणून सांगे, तो माणसाला उलटा टांगतो, खाली जाळ करतो आणि डोक्यातून ठिबकणाऱ्या तेलाचे औषध बनवतो. ते औषध मोठ्या साहेब लोकांना लागते. आम्ही निमूट घरात येऊन बसायचो.

पुढे कॉलेजात असताना मुंबईच्या प्लेगाविषयी वाचू लागलो आणि एका पानावर हाच शब्द भेटला. १८९६ साली मुंबईत अफवा उठली होती, की सरकारी इस्पितळात नेलेल्या रोग्यांची मोमियाई काढतात. दादीच्या गोष्टीतला राक्षस एकदम इतिहासात येऊन उभा राहिला. तो आमच्या सातारा जिल्ह्यातल्या खेड्यापर्यंत कसा पोचला असेल, याचा विचार मी तेव्हापासून करत आलो आहे. करोनाच्या दोन वर्षांत त्या विचाराला नवा अर्थ आला. म्हणून आज प्लेगाविषयी बोलायचे आहे. रोगापेक्षाही त्या वेळी झालेल्या वादाविषयी अधिक.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात धान्याची गोदामे, दाटीच्या चाळी, उघडी गटारे. तिथे डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी तापाने फणफणलेले, जांघेत आणि काखेत गाठी आलेले रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे, असे ठामपणे सांगितले. पहिला वाद झाला तो नावावरूनच. प्लेग हा शब्द उच्चारला की परदेशी बंदरे मुंबईची जहाजे अडवणार, कापूस पडून राहणार, पेढ्या बसणार. त्यामुळे हा साधा गाठीचा ताप आहे, असे म्हणणाऱ्यांची संख्या कमी नव्हती. रोगाला नाव द्यायचे की नाही यावर मोठी माणसे वाद घालत असताना रोग मात्र मांडवीतून बाहेर पडला.

मग सरकार जागे झाले ते दांडका घेऊनच. ऑक्टोबर १८९६ मध्ये महापालिका आयुक्तांनी हुकूम काढला. घरांची झडती, रोग्याला सक्तीने इस्पितळात नेणे, घरच्यांना वेगळे ठेवणे, कपडेलत्ते जाळणे, हे सगळे त्यात आले. त्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. लोक शहर सोडू लागले. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती गावोगाव पांगली होती. आगगाडीने, गलबतातून, पायी, जमेल तसे लोक गेले. मला वाटते, मोमियाईचा शब्दही त्यांच्याच गाठोड्यात बांधून आमच्या भागात आला असावा. निदान भीती तरी त्याच वाटेने आली.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. साथ आली की सरकारला योग्य वाटेल तो नियम करता येईल, तो मोडला तर शिक्षा होईल आणि या कायद्याखाली सद्भावनेने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही, हे त्याचे सार. सरकारने काय करावे आणि काय करू नये, रोग्याचे हक्क कोणते, त्याची भरपाई कोण देणार, याबद्दल अक्षर नाही. हा कायदा लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्यांना बंदी झाली. युरोपातील राष्ट्रांचा दबाव होता. हिंदुस्थानातला रोग जहाजातून मक्केमार्गे आपल्याकडे येईल, ही त्यांची धास्ती. ज्याने आयुष्यभर पैपै साठवून सामान बांधलेले असे, त्याला हे कसे समजणार? त्याला एवढेच दिसले, की सरकारने देवाच्या घराची वाट बंद केली.

पुण्यात काय झाले ते मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक आहे. रँडची प्लेग कमिटी, घराघरांत शिरलेले गोरे सोजीर, देवघरात गेलेले बूट, २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर झाडलेल्या गोळ्या, चापेकर बंधूंची फाशी, लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल झालेली अठरा महिन्यांची सक्तमजुरी. ते पुन्हा सांगत बसत नाही. या गदारोळात मागे पडणाऱ्या दोनतीन गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. सोजिरांच्या वर्तनाबद्दल विलायतेत जाहीर आरोप करणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना, पुरावा देता न आल्यामुळे, परत आल्यावर जाहीर माफी मागावी लागली. नातू बंधूंना तर खटला न चालवताच अटकेत ठेवले गेले. टिळक स्वतः पुणे सोडून गेले नाहीत आणि हिंदूंसाठी वेगळे प्लेगचे इस्पितळ उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. म्हणजे त्यांचा विरोध उपचाराला नव्हता, उपचाराच्या तऱ्हेला होता. आणि हडपसरच्या बाजूला, माळावर, डॉ. यशवंत आणि त्यांच्या आई सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून आणले. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. सरकारी झडतीची पथके पुण्यात फिरू लागली ती त्यानंतर.

लोक इतके का बिथरले? आपण आज शहाणे होऊन म्हणतो, की अडाणी होते, अफवांवर विश्वास ठेवत होते. जरा त्यांच्या उंबऱ्यात उभे राहून पाहू. इस्पितळात गेलेला माणूस बहुधा परत येत नसे, कारण तो नेलाच जात असे शेवटच्या घटकेला. त्याला कोण शिवते, काय खायला घालते, मेल्यावर माती कोण देते, अग्नी कोण देते, घरच्यांना पत्ता नसे. घरातली चीजवस्तू जळून जाई. छपराची कौले काढली जात. घरांवर माणसांना राहण्यास अयोग्य अशा अर्थाची तीन इंग्रजी अक्षरे रंगवली जात, ती वाचता न येणाऱ्याला तो आपल्या कपाळावरचा डागच वाटे. ज्याचा माणूस गेला आणि परत आला नाही, त्याला मोमियाईची गोष्ट खोटी कशी वाटावी? अफवेला पाय नसतात म्हणतात. पण तिला घर लागते, आणि ते घर अनुभवाचे असते.

९ मार्च १८९८ रोजी मुंबईत रिपन रोडच्या बाजूला, जुलाह्यांच्या वस्तीत काय झाले ते पाहा. जुलाहा म्हणजे विणकर. उत्तरेतून आलेली, मागावर पोट भरणारी ही मुसलमान वस्ती. झडतीचे पथक एका घरातल्या आजारी मुलीला तपासायला आले. परक्या पुरुषाला पडद्यातली पोर दाखवायला घरच्यांनी नकार दिला. गर्दी जमली, दगड आले, पोलिसांच्या गोळ्या आल्या. दंगल शहरात पसरली, दोन्ही बाजूंची माणसे मेली. एक बाई डॉक्टर, किंवा मोहल्ल्यातला ओळखीचा एखादा हकीम त्या पथकाबरोबर असता, तर ती माणसे वाचली असती का? इतिहासात असे प्रश्न विचारायचे नसतात. मी कवी आहे, मला विचारल्याशिवाय राहवत नाही.

धर्माचाही वाद होता. साथीच्या गावात जाऊ नका आणि तुम्ही असाल त्या गावात साथ आली तर तिथून पळू नका, या अर्थाची शिकवण हदीसमध्ये आहे. खलिफा उमर शामच्या वाटेवर होते, पुढे प्लेग असल्याचे कळले आणि ते मागे फिरले. ईश्वराच्या इच्छेपासून पळता का, असे अबू उबैदांनी विचारले, तेव्हा एका ईश्वरी इच्छेकडून दुसऱ्या ईश्वरी इच्छेकडे जात आहे, असे त्यांनी उत्तर दिले. म्हणजे रोगापासून दूर राहण्यात अधर्म नाही, हे सांगायला तेराशे वर्षांपूर्वीचा दाखला हाताशी होता. तो सांगणारा माणूस मात्र घरचा हवा होता. बंदुकीच्या टोकाला बांधून आलेला दाखला कोण ऐकणार?

आता सगळ्यात मोठी गंमत. गंमत म्हणायची, पण ती लाखो जिवांची. सरकार एवढ्या खात्रीने जे करत होते ते बहुतांशी चुकीचे होते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो माणसात कसा शिरतो ते ठाऊक नव्हते. म्हणून जमिनी खणल्या, भिंतींना चुना फासला, गटारांत कार्बोलिक ॲसिड ओतले, स्टेशनांवर उतारूंच्या काखा आणि जांघा चाचपल्या. रोग पसरत होता उंदरावरच्या पिसवांमार्फत. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ साली कराचीत तो धागा शोधला, पण त्याचे म्हणणे सर्वमान्य व्हायला पुढची आठदहा वर्षे गेली. सरकार माणसांमागे लागले होते आणि उंदीर आपल्या वाटेने या घरातून त्या घरात जात होते.

आणि आमची दादी? तिला जंतू ठाऊक नव्हता, सिमाँ ठाऊक नव्हता. ती सांगायची, "चुहे पडने लगे की गाव छोडना." उंदीर पडू लागले की सगळे गाव माळावर जायचे, पाल्याच्या झोपड्या घालायच्या, दोनतीन महिने तिथेच राहायचे. हिंदू, मुसलमान, बलुतेदार, सगळे. तिच्या लहानपणी त्यांनी असे दिवस काढले होते. कुणी सक्ती केली नव्हती. पुढे सरकारी तज्ज्ञांनीही मान्य केले, की घरे सोडून उघड्यावर जाणे हा प्लेगवरचा सर्वांत चांगला उपाय होता. लोकांकडे शहाणपण होते. ते त्यांना कुणी विचारले नाही.

तेव्हा लोक बरोबर आणि सरकार चूक, असा निकाल देऊन मोकळे व्हावे का? इतके सोपे नाही, कारण एका बाबतीत लोक चुकले. ती बाब म्हणजे लस.

वाल्डेमार हाफकिन हा ओडेसात जन्मलेला ज्यू. रशियात ज्यूंना शास्त्राच्या वाटा बंद, म्हणून तो पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत गेला. तिथे पटकीची लस तयार करून १८९३ मध्ये हिंदुस्थानात आला. ऑक्टोबर १८९६ मध्ये त्याला मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत त्याने तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली. टोचलेल्यांत आणि न टोचलेल्यांत फरक दिसला.

ही लस पूर्ण संरक्षण देणारी नव्हती. टोचल्यावर ताप येई, हात सुजे, माणूस दोन दिवस अंथरुणाला खिळे. हातावर पोट असलेल्याचे दोन दिवस म्हणजे दोन दिवसांची चूल. आणि ज्या सरकारने काल घरात सोजीर घुसवले तेच आज सुई घेऊन दारात आलेले. मूल होणार नाही, धर्म बाटेल, मोमियाईची ही नवी युक्ती आहे, असे बोलले जाऊ लागले. सरकारने लस सक्तीची केली नाही हे खरे, पण टोचून घेतलेल्यांना काही निर्बंधांतून सूट दिली. त्यामुळे आज सूट, उद्या सक्ती, असा संशय वाढला.

या संशयाला उतारा सापडला तो एका तरुणाकडून. खोजा इस्माईलींचे इमाम सुलतान महंमद शहा, तिसरे आगाखान, तेव्हा विशीच्या आतबाहेर होते. त्यांनी हाफकिनला प्रयोगशाळेसाठी स्वतःची वास्तू दिली आणि आपल्या लोकांसमोर दंड उघडा करून लस टोचून घेतली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मग खोजा जमातीतल्या हजारोंनी घेतली. भाषण तेच, औषध तेच, सुई तीच. फक्त दंड ओळखीचा होता.

पण विश्वास काचेचा असतो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांतल्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. हाफकिनच्या प्रयोगशाळेवर ठपका आला, त्याला बाजूला केले गेले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट हळूहळू पुढे आली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून त्याची बाजू मांडली. तो निर्दोष ठरला, पण मुंबईची प्रयोगशाळा त्याला परत मिळाली नाही. परळच्या त्या संस्थेला त्याचे नाव दिले ते १९२५ साली. आणि मधल्या काळात ती बातमी ऐकून ज्यांनी लस नाकारली, त्यांची गणती कोण करणार? १८९६ ते १९१८ या काळात हिंदुस्थानात १ कोटीहून अधिक माणसे प्लेगने दगावली.

आता त्या चार कलमी कायद्याकडे येऊ. मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा सरकारने हाच १८९७ चा कायदा कपाटातून काढला. एप्रिलमध्ये त्यात भर पडली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले करणाऱ्यांना शिक्षेची. तीही हवीच होती. पण रोग्याच्या बाजूचे रकाने कोरेच राहिले. २०२४ साली विधी आयोगाने अहवाल देऊन या कायद्यातल्या उणिवा सांगितल्या. १८९७ मध्ये लोक मुंबईतून जसे निघाले तसेच २०२० मध्येही निघाले, या वेळी आगगाड्या बंद होत्या म्हणून चालत. हजची वाटही पुन्हा बंद झाली. २०२० साली भारतातून कोणी जाऊ शकले नाही. या वेळी मक्केनेच दार लावले होते, म्हणून कुणी तक्रार केली नाही.

त्याच सुमारास दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधल्या तबलिगी मेळाव्याची बातमी आली. साथीच्या दिवसांत गर्दी करणे बेजबाबदारपणाचे होते, हे मी तेव्हाही म्हटले आणि आजही म्हणतो. पण त्यानंतर जे झाले त्यात रोगालाच आमचे नाव दिले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असावे, असे मत नोंदवले. निकाल आला तोवर मने दुभंगून गेली होती.

२०२१ साली लस आली, तेव्हा माझ्या खालाने ती घ्यायला नकार दिला. वय सत्तरच्या पुढे, मधुमेह जुना. मी तिला हाफकिन सांगितला, आगाखान सांगितले, पुण्यात तयार झालेली लस आहे, हेही सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बेटा, गेल्या साली आपल्या सलीमला भाजीची गाडी घेऊन कॉलनीत कुणी येऊ दिलं नाही. आपल्या हातची मेथी यांना चालत नव्हती. आता यांना आपल्या जिवाची एवढी काळजी का?" माझ्याजवळ इतिहास होता, उत्तर नव्हते.

आठवडाभराने खाला लस घेऊन आली. नेले कुणी? तिच्या गल्लीत वीस वर्षे येणाऱ्या नर्सबाईंनी. त्यांनी तिच्या सुनेची दोन बाळंतपणे पाहिली होती, नातवंडांना पोलिओचे डोस पाजले होते. आणि २०२० च्या एप्रिलमध्ये, त्या गल्लीला बांबू ठोकून सगळे लांबून जात होते, तेव्हाही त्या रोज येत होत्या. खाला मला म्हणाली, "उसने मेरे घर की चाय पी थी उस वक्त." तिच्या लेखी वाद तिथे मिटला होता.

त्या ऑगस्टमध्ये मुंबईत दोन डोस घेतलेल्यांनाच लोकलचा पास मिळू लागला. पासासाठी कित्येकांनी लस घेतली असेल. सवलतीचा उपयोग होतो, कायद्याचाही होतो, ते मी नाकारत नाही. साथीत सरकारला कडक व्हावेच लागते. पण कडकपणा कुणाच्या दारात जास्त जातो आणि चहा प्यायला कुणाच्या दारात कुणी थांबत नाही, याचा हिशेब लोक मनात ठेवतात. पुढची साथ आली की तो हिशेब बाहेर येतो. १८९८ मध्ये रिपन रोडवर तो दगडांनी बाहेर आला. २०२१ मध्ये माझ्या खालाने तो एका प्रश्नात मांडला.

दादी गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. तिच्या दंडावर देवी काढल्याचे दोन गोल वण होते. मी एकदा विचारले होते, तुला भीती नाही वाटली? ती म्हणाली, वाटली ना, पण अब्बांनी आधी स्वतःला टोचून घेतले, मग मला पुढे केले.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)